पाणी कुठे मुरतंय

कात्रीमावशीशी भांडायचं असेल तर सकाळी भांडून घ्यावं, असं हॉस्पिटलात सगळे म्हणत. दुपारपर्यंत तिचा आवाज असा काही तापायचा की मग समोरच्याची धडगत नसे. मावशी तिथली बाग सांभाळायची. कात्री हे नाव तिला दोन कारणांनी पडलं होतं. एक कात्री तिच्या ॲप्रनच्या खिशात असायची आणि दुसरी तोंडात. खिशातली रोज संध्याकाळी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली जायची. तोंडातलीला सुट्टी नव्हती.

ती वाईट बाई होती का? होती थोडी, खोटं कशाला बोला. फूल तोडणाऱ्या नर्सच्या मागे ती खुरपं घेऊन धावलेली आहे. कुंपणाच्या झुडपावर ओला टॉवेल वाळत घालणाऱ्या पेशंटच्या भावाला तिने असं झापलं होतं की तो बिचारा पेशंटला न भेटताच परत गेला. पण बागेत एक वाळकं पान सापडलं तर शपथ. बावीस वर्षांत तिने उन्हाळ्यातसुद्धा एक झाड मरू दिलं नव्हतं आणि हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची.

त्या बागेवर तिचा एवढा जीव का, हे समजायचं तर तळघरात जावं लागेल. तिचा नवरा याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. तो अचानक गेला तेव्हा मावशी एकतीस वर्षांची, पदरात सात वर्षांची मुलगी. हॉस्पिटलने दया केली आणि तिला लाँड्रीत लावलं. दया कसली डोंबलाची! तळघरातली ती खोली, भिंतीशी चार मोठी मशिनं, वाफेने सदा ओलं छत, ब्लीचचा असा वास की घरी जेवताना भाताच्या घासालाही तो यायचा. रक्ताच्या चादरी वेगळ्या, उलटीच्या वेगळ्या. नखं मऊ पडून सोलायची. वर छताला लागून एक वीतभर उंचीची खिडकी होती आणि तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला दिसायच्या. तिथे तिने चार वर्षं काढली. मग म्हातारा माळी काम सोडून गेला. उन्हातलं काम कुणालाच नको होतं, ते हिने मागून घेतलं. पहिल्या दिवशी ती वाफ्याच्या कडेला बसून नुसती श्वास घेत होती म्हणे. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं: "उन्हाने कोळसा होईन, पण त्या खड्ड्यात पुन्हा उतरणार नाही."

तिचा हाडवैरी म्हणजे हॉस्पिटलचा नळवाला. त्याला सगळे वॉशर म्हणायचे, कारण नळ गळो, टाकी फुटो नाहीतर गीझर बंद पडो, तो मान हलवून एकच सांगायचा, "वॉशर गेलाय." अकरा वर्षांपूर्वी मावशी मुलीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होती. तेवढ्यात या गृहस्थाने पाइप टाकायला तिचा गुलाबाचा वाफा मधोमध खणला. सतरा गुलाब गेले. मावशी लग्न उरकून आली, वाफा बघितला. दुसऱ्या दिवशी वॉशरच्या नव्या होजपाइपचे नऊ तुकडे त्याच्याच दाराशी ओळीने मांडलेले होते. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. बोलणं बंद. काम अडलंच तर भिंतीला सांगायचं.

"काही लोकांना सांगा, मागचा नळ गळतोय."

"काही लोकांना सांगा, गळू दे."

अशी सगळी गंमत चालू असताना नवा मॅनेजर आला. तरणाताठा, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायची सवय. हॉस्पिटलची नवी इमारत पुरी होत आली होती आणि तिच्या समोर बाग करायची होती. बावीस वर्षं बाग सांभाळणारी बाई त्याच आवारात होती, पण तिला विचारील तो मॅनेजर कसला! एके दिवशी ट्रक आला आणि त्यातून तीनशे झाडं उतरली. जास्वंद, कण्हेर, कुंपणाची झुडपं, सगळी काळ्या पिशव्यांत. मावशीने एक पिशवी उचलून दाबून बघितली. वजनाला दगड. खालून मुळं बाहेर येऊन एकमेकांत गुंतलेली.

"ही वर्षभर कुठेतरी पडून होती," ती म्हणाली. "पिशव्या लहान पडल्यात त्यांना."

"मावशी, हात लावायचा नाही," मॅनेजर म्हणाला. "जागा मी ठरवणार. चार दिवस मी बाहेर आहे."

"मग पाणी तरी घालू द्या."

"पोर्चमध्ये? परवाच फरशीला पॉलिश केलंय."

त्याचे चार दिवस नऊ झाले. नऊ दिवस ती झाडं पोर्चच्या कडेला उन्हात तशीच उभी होती. मावशीने दोनदा बादली नेली आणि दोनदा वॉचमनने तिला हाकललं, साहेबांची ऑर्डर म्हणून. मग साहेब आले, कुठून तरी चार माणसं बोलावली, आणि एका दिवसात तीनशे खड्डे, तीनशे झाडं. पिशवी फाडायची, गोळा खड्ड्यात ठेवायचा, बाजूने माती लोटायची, पुढे. वॉशरने ठिबकच्या नळ्या टाकल्या. टायमर बसला. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं पाणी आपोआप सुटणार आणि टायमरची किल्ली साहेबांच्या टेबलात.

"तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं," मॅनेजर भिंतीला म्हणाला.

लक्ष ठेवायला फार काही लागलं नाही. चौथ्या दिवशी जास्वंदींनी माना टाकल्या. मॅनेजरने टायमर चाळीस मिनिटांवर नेला. आठव्या दिवशी कण्हेरीची पानं पिवळी. टायमर तासावर. आता वाफ्यात पाय ठेवला की चप्पल रुतायची, चिखलाला आंबूस वास मारू लागला, आणि झाडं मात्र तहानेने मेल्यासारखी सुकत चाललेली. पाण्यात उभी राहून तहानलेली! मावशीची मती गुंग झाली.

दहाव्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावलं. ती दारात उभी राहिली.

"सहा दिवसांनी मोठ्या डॉक्टरीणबाई पाहणीला येणार आहेत." मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख. "तोवर झाडं उभी राहिली नाहीत तर बाग कंपनीला देणार. तुम्ही लाँड्रीत. तिथे माणूस कमी आहे."

"मी मारली होय झाडं? मला हात लावू दिलात का?"

"तुमच्या मनात पहिल्या दिवसापासून खोट होती. मला काय कळत नाही?"

मावशी बाहेर आली. तळघराच्या जिन्यापुढून तिला जावं लागायचं. खालून वाफेचा वास आला आणि तिने नाक दाबलं. मग तिला राग आला. आणि मावशीला राग आला की तो जायचा एकाच ठिकाणी.

"काही लोकांना सांगा!" ती नव्या वाफ्यांपुढे उभी राहून सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली. "नळ्या तुंबल्यात! पाणी नुसतं वर वर वाहतंय, झाडाला मिळत नाही! शेणाने सारवायची अक्कल नाही आणि म्हणे ठिबक टाकतात!"

वॉशर आला. कँटीनमधून त्याने चाळीस वाट्या आणल्या, चाळीस झाडांच्या नळ्यांखाली एकेक ठेवली, साहेबांकडून किल्ली आणून पाणी सोडलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. नर्सा, वॉचमन, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, सगळे बघायला जमले. वीस मिनिटांनी चाळीसच्या चाळीस वाट्या एका पातळीत भरल्या होत्या.

"काही लोकांना सांगा, चष्मा लावून मोजून घ्या," वॉशर म्हणाला आणि लोक खो-खो हसले.

मावशीच्या तोंडावर मारल्यासारखं झालं. तिची कात्री प्रथमच म्यान झाली. लोक पांगले तशी ती चिखलात फतकल मारून बसली आणि समोरची एक जास्वंद तिने रागारागाने उपटून काढली. मुळांभोवतीचा गोळा पिशवीच्या आकाराचा तसाच्या तसा वर आला. बाहेरून चिखलाने माखलेला. तिने तो दगडावर आपटला.

आत धूळ होती. कोरडी, भुरभुरीत धूळ. फुंकर मारली तर उडेल अशी.

मावशीने दुसरा फोडला, तिसरा फोडला. तेच. चिकट मातीचा गोळा उन्हात नऊ दिवस तापून बाहेरून वीट झाला होता. वरून पडणारं पाणी त्याच्या अंगावरून घसरायचं आणि बाजूच्या मऊ मातीत जाऊन बसायचं. मुळं सगळी आत. चिखल सगळा बाहेर. तासभर पाणी सोडा नाहीतर दिवसभर, पालथ्या घड्यावर पाणी!

ती तशीच चिखलाच्या हातांनी मॅनेजरच्या खोलीत घुसली. तिथे दोन डॉक्टर बसले होते. मावशीला कुठला दम!

"साहेब, पाणी कुठे मुरतंय ते मला कळलंय," ती म्हणाली.

वाक्य साधं होतं. मावशीने मातीतलं पाणी सांगितलं होतं. पण आपल्या भाषेत पाणी फक्त मातीत मुरत नाही, आणि ज्याच्या पोटात काही असतं त्याला बरोबर दुसरं पाणी आठवतं. चोराच्या मनात चांदणं. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला.

"डॉक्टर, आपण नंतर बोलू," तो म्हणाला. ते दोघं गेले. मग त्याने स्वतः उठून दार लावलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा मावशी."

बावीस अधिक चार, सव्वीस वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, हात मांडीवर, चिखल लागू नये म्हणून.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कुणी कशाला हवं? फोडून बघितलं. बाहेर सगळं छान छान, आत सगळा कोरडा कारभार."

"हळू बोला. आणखी कुणाला माहितीये?"

"अजून तरी मलाच. जिथून झाडं आली तिथलीच ही खोड आहे साहेब. इथे येऊन नऊ दिवस तापली ते वेगळंच."

मॅनेजरने चहा मागवला. कपबशीतून, बिस्किटांसकट. मग तो प्रथमच तिच्या डोळ्यांत बघून बोलला. "मावशी, बाग तुमचीच आहे. कंपनी वगैरे काही नाही. तुम्हाला हवं ते करा झाडांचं. फक्त एक. पाहणीच्या दिवशी एक कागद होईल, त्यावर तुमची सही लागेल. ठिबकचं काम खराब होतं म्हणून झाडं गेली, एवढंच. नळवाल्याला आपण घरी पाठवू. तुमचंही त्याच्याशी बरं नाहीच म्हणे."

नळ्या चांगल्या आहेत हे मावशीला माहीत होतं. चाळीस वाट्या तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. पण सतरा गुलाबही तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. तिला आनंद झाला. खरंच झाला. ती बिस्कीट खाऊन बाहेर पडली.

पाच दिवस ती राक्षसासारखी राबली. लाँड्रीतले दोन मोडके टब तिने वर मागवले, स्वतः खाली गेली नाही. झाड काढायचं, गोळ्याला जाड सळईने चार ठिकाणी भोकं पाडायची, गुंतलेली मुळं कात्रीच्या टोकाने मोकळी करायची आणि गोळा टबात बुडवून वरून हात दाबून ठेवायचा. आतून बुडबुडे यायचे. बुड बुड बुड. ते थांबेपर्यंत हात काढायचा नाही. कुणाला दहा मिनिटं लागत, कुणाला अर्धा तास. मग गोळा जड होऊन खाली बसे आणि झाड पुन्हा मातीत. "पी, मेल्या, पी," ती म्हणायची. एकशेवीस झाडं झाली. पहिल्यांदा बुडवलेल्या जास्वंदीने मान वर केली तेव्हा ती एकटीच हसली. मनात मात्र दुसराच गोडवा होता: इतक्या वर्षांनी एका साहेबाला कळलं की मावशीला झाडातलं कळतं. खुर्ची दिली, चहा दिला, ऐकून घेतलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी वॉशर तिच्या टबापाशी येऊन उभा राहिला. अकरा वर्षांत प्रथमच तो भिंतीऐवजी तिच्याशी बोलला.

"किल्ली आणायला गेलो तेव्हा साहेबाच्या टेबलात कागद बघितला. माझ्याविरुद्ध खोटी सही करणार आहेस?"

"करणार. अकरा वर्षं वाट बघितली."

"कर. मला बाहेर काम मिळेल, हात आहेत. पण मेहुण्याला वाचवायला सही करतेयस एवढं समजून कर. उगाच माझ्यावर सूड घेतला म्हणून मिरवू नकोस."

"कुणाच्या मेहुण्याला?"

वॉशरने तिच्याकडे नीट बघितलं. "साहेबाच्या. झाडं त्याच्या बायकोच्या भावाच्या नर्सरीतली. बंद पडलेली नर्सरी. न खपलेला माल इथे ओतला. नळ्या आणायला मला तिकडेच पाठवलं होतं. तुला माहीत नव्हतं? सगळं हॉस्पिटल म्हणतंय, मावशीने साहेबाला तोंडावर सांगितलं, पाणी कुठे मुरतंय ते कळलंय."

मावशीचा हात टबात होता. तो तसाच राहिला. खोलीतला एकेक शब्द तिला पुन्हा ऐकू आला आणि प्रत्येक शब्दाचा दुसरा अर्थ लागला. म्हणजे तिच्या ज्ञानाला कुणी खुर्ची दिली नव्हती. गोळा कसा वाळतो, मुळं कशी गुदमरतात, यातलं त्या माणसाने एक अक्षर ऐकलं नव्हतं. त्याने तिचं तोंड बंद करायला बिस्किटं चारली होती आणि ती येडी खुशीत खाऊन आली होती.

"चालता हो इथून," ती वॉशरला म्हणाली. तो गेला. मग तिने त्या कपबशीच्या आठवणीने टबाबाहेर पचकन थुंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. नव्या इमारतीच्या पोर्चमध्ये टेबल मांडलेलं, त्यावर कागद, कागदावर पेन. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला वॉशर.

"मावशी, सही," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला.

मावशीने अजून न बुडवलेल्या झाडांपैकी एक सकाळीच उपटून आणलं होतं. तिने गोळा त्या कागदावर ठेवला आणि खुरप्याच्या मुठीने एक दणका दिला. धूळ टेबलभर उडाली, डॉक्टरीणबाईंच्या बाहीवरसुद्धा.

"बाई, नळ्या चोख आहेत. ह्या माणसाचं तोंड मला बघवत नाही, मेला तरी रडणार नाही मी. पण नळ्या चोख आहेत. झाडं आली तीच दगड होऊन. मग नऊ दिवस ह्या पोर्चच्या कडेला बिनपाण्याची तापवली, फरशी खराब होईल म्हणून. आता नर्सरी कुणाची ते साहेबांना विचारा. ते आत्ता चहा मागवतील बघा!"

मॅनेजर काहीतरी बोलू लागला. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"नर्सरी कुणाची?" त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं, कारण आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. "खरेदी आजपासून तुमच्याकडे नाही. चौकशी होईल," त्या म्हणाल्या. मग त्या मावशीकडे वळल्या. "गोळा वाळलाय हे तुम्हाला कधी कळलं?"

"सहा दिवस झाले."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

मावशीला सांगता आलं असतं की झाडं वाचवत होते. एकशेवीस झाडं साक्षीला उभी होती. ती डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "मला बाग पाहिजे होती. आणि हा गेला पाहिजे होता. म्हणून गप्प बसले."

डॉक्टरीणबाई थोडा वेळ धूळ झटकत राहिल्या.

"आज खरं बोललात म्हणून नोकरी राहील," त्या म्हणाल्या. "सहा दिवस एका माणसाची भाकरी हातात धरून गप्प बसलात, म्हणून बाग राहणार नाही. उद्यापासून लाँड्री."

मॅनेजरने मान खाली घातली होती, पण त्याच्या ओठाचा कोपरा हलला, तो मावशीने बघितला. तिला वाटलं खुरपं फेकून मारावं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि वाफ्याकडे चालू लागली. रडली नाही. हात मात्र कशाला तरी लावायला हवे होते म्हणून तिने टबातलं पाणी उगाच ढवळलं.

मागून पावलं आली. वॉशर होता. आभार मानायला आला असता तर तिने त्याला टबात बुडवला असता. तो आभार मानायला आला नव्हता.

"एकशे ऐंशी राहिलीत," तो म्हणाला. "मेली तर म्हणतील नळ्या खराब होत्या."

मावशीने सळई उचलून त्याच्या हातात आदळली.

"चार भोकं. मुळं तोडायची नाहीत, मोकळी करायची. तुला कळणार नाही, तरी ऐक. बुडवून वरून दाबून धरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत हात काढायचा नाही. आधी हात काढलास तर आत कोरडंच राहील."

"किती वेळ?"

"घड्याळ कशाला लागतं रे? बुडबुडे दिसतात ना डोळ्यांना?"

वॉशर गुडघ्यावर बसला. त्याने एक कण्हेर चुकीची, खोडाला धरून उचलली. मावशीने त्याच्या मनगटावर फटका मारला आणि त्याचा हात धरून गोळ्याच्या खाली नेला. दोघांनी मिळून तो टबात दाबला. बुडबुडे येत राहिले. ते थांबेपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग मावशी उठली, ॲप्रन सोडून तिने झुडपावर टाकलं, खिशातली कात्री काढून त्याच्यासमोर ठेवली, आणि उद्याची वाट न बघता तळघराचा जिना उतरू लागली.